‘मशीन गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावात काय किंवा पेणच्या बाजारपेठेत काय, बंद पडलेला कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती वर्षं झाली घेऊन?’ उत्तर ‘पाच-सहा’ असं आलं की निदान तिथेच संपतं. ‘मग झालं त्याचं आयुष्य. मशीन गेलं.’ झाकणाचे स्क्रू निघण्याआधी निकाल लागलेला असतो. वस्तू ज्याची असते तोही मान डोलावतो, कारण कॉम्प्युटर तीन-चार वर्षांत जातो, हे त्यानेही दहा ठिकाणी ऐकलेलं असतं.

हा समज खोटा आहे आणि महागात पडणारा आहे. त्याची सर्वांत जड किंमत मोजतो तो झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा माणूस, बारावीतल्या मुलीसाठी हप्त्यावर लॅपटॉप घेणारा बाप, आणि वर्षाच्या तुटपुंज्या निधीत संगणक कक्ष चालवणारी शाळा. म्हणून या समजाचा एकेक धागा उसवून पाहणं गरजेचं आहे.

आधी तो ‘तीन’चा आकडा. तो आला कुठून? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्याचा तक्ता आहे. डेस्कटॉप, लॅपटॉप अशा रोजच्या वापरातल्या यंत्रांना तिथे ३ वर्षं दिली आहेत, सर्व्हर आणि नेटवर्कच्या सामानाला ६. प्राप्तिकर खातं कॉम्प्युटरवर दरसाल ४० टक्के घसारा धरू देतं. हे आकडे हिशेबनिसासाठी आहेत. वस्तूची किंमत वहीतून किती वर्षांत उतरवायची, एवढंच ते सांगतात. आतला कपॅसिटर किती तापतो, पंख्याचं बेअरिंग किती झिजतं, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण वहीतला आकडा कंपनीच्या खरेदी विभागातून विक्रेत्याच्या तोंडी आला, विक्रेत्याच्या तोंडून गिऱ्हाइकाच्या कानी गेला, आणि घसाऱ्याचा नियम यंत्राचा मृत्युयोग होऊन बसला.

गंमत सोडा, पण ज्यांच्याकडे लाखो यंत्रं आहेत त्यांचंच वागणं पाहावं. गूगलने आपल्या सर्व्हरचं हिशेबी आयुष्य २०२१ मध्ये ३ वर्षांवरून ४ वर नेलं आणि २०२३ मध्ये ६ वर. या शेवटच्या बदलामुळे त्या एका वर्षाच्या घसाऱ्यात सुमारे ३.४ अब्ज डॉलरची घट होईल, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ४ ची ६ वर्षं केली. अ‍ॅमेझॉननेही ६ पर्यंत मजल मारली आणि २०२५ पासून काही सर्व्हर पुन्हा ५ वर आणले. कारण दिलं ते तंत्रज्ञानाच्या, विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वेगाचं. यंत्रं मोडतात म्हणून त्यांनी आकडा खाली आणला नाही. आता साधा गुणाकार. अहोरात्र चालणारा सर्व्हर ६ वर्षांत ५२,५६० तास चालतो. शाळेतलं यंत्र रोज ५ तास, वर्षाचे ३०० दिवस चाललं, तर तेवढे तास भरायला ३५ वर्षं लागतील. तासांचा हिशेब हा एकच हिशेब नव्हे, सर्व्हरला थंड, कोरडी हवा आणि स्थिर वीज मिळते, हे सगळं मान्य. पण मग वादाचा मुद्दा वय राहत नाही. हवा आणि वीज हा मुद्दा होतो.

दुसरा युक्तिवाद असा की पूर्वीच्या वस्तू दणकट असायच्या, आताचं सगळं तकलादू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये रीतसर सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशी नळी बल्बसारखी तापते आणि बल्बसारखीच जाते. त्या काळच्या यंत्रांत नळ्या बदलत राहणं हा दिनक्रमाचा भाग असे. ते यंत्र पाचएक वर्षांत मागे पडलं. इतकं मागे जायला नको असेल, तर १९९९ ते २००७ या काळातल्या मदरबोर्डांकडे पाहावं. सदोष रसायन भरलेले कपॅसिटर तेव्हा जगभर गेले. त्यांची डोकी फुगत, फुटत, तपकिरी चिकट द्रव बोर्डावर सांडत असे. एकट्या डेल कंपनीने २००५ मध्ये या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. आज ‘जुनी मशीन कशी टिकायची’ म्हणून ज्या काळाची आठवण काढली जाते, तो नेमका हाच काळ. आज पुष्कळ बोर्डांवर द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात आणि त्यांत सांडण्यासारखं काही नसतं.

उलट बाजूची अतिशयोक्तीही खपवून घेऊ नये. हार्ड डिस्कच्या कागदावर ‘बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास’ असं छापलेलं असतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं! त्या हिशेबाने १०० डिस्कमागे वर्षाला एकही पुरती जायला नको. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं नेहमीचं दिसलं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासात पहिल्या वर्षातल्या डिस्कच्या बिघाडाचं प्रमाण १.७ टक्के, तर तीन वर्षांच्या डिस्कचं ८.६ टक्क्यांच्या वर निघालं. तेव्हापासून डिस्क सुधारल्या आहेत. बॅकब्लेझ ही साठवणुकीचा धंदा करणारी अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे नियमाने जाहीर करते: २०२१ मध्ये १.०१ टक्के, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.४०, २०२४ मध्ये १.५७. कंपनीच्या कागदापेक्षा वाईट, गावगप्पांपेक्षा फार चांगलं. शंभरातली दीड डिस्क वर्षाला जाते, आणि ती आपली असू शकते. म्हणून डेटाची दुसरी प्रत ठेवावी. पण उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव चालू असताना यंत्र भंगारात का काढावं?

‘कॉम्प्युटरचं आयुष्य’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. पेटीत एक वस्तू नसते, आठ-दहा असतात, आणि प्रत्येकीची झीज वेगळ्या तऱ्हेची असते. काही भाग खरोखरच झिजतात. लॅपटॉपची लिथियम बॅटरी तीनशे-पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर पहिल्यासारखी साथ देत नाही; उकाड्यात कायम १०० टक्के भरलेली ठेवली तर त्याआधीच थकते. यूपीएसमधली शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. पंख्याचं वंगण सुकतं, प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट कोरडी पडते. हे सगळे भाग स्कूटरच्या ब्रेक शूसारखे आहेत. ते बदलायचेच असतात, आणि ते बदलायची वेळ आली म्हणून कुणी स्कूटर विकत नाही.

प्रोसेसर आणि मेमरी यांची गोष्ट निराळी. त्यांत हलणारं काही नाही. साध्या वापरात, योग्य व्होल्टेजवर, ती मालकाला कंटाळा येईपर्यंत चालतात. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर-१ यानातल्या संगणकाची एक मेमरी चिप नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी बिघडली; अभियंत्यांनी तिच्यावरचा मजकूर दुसरीकडे हलवला आणि काही महिन्यांत यान पुन्हा नीट बोलू लागलं. हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या एसएसडीबद्दल ‘लिहून लिहून संपते’ ही भीती घातली जाते. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ मालिकेतल्या २५० जीबीच्या एसएसडीवर १५० टेराबाइट लेखनाची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं, जे फॉर्म, पीडीएफ आणि टायपिंगच्या कामात क्वचितच होतं, तरी ती मर्यादा गाठायला वीस वर्षं जातील. एसएसडी जाते तेव्हा बहुधा तिचा नियंत्रक किंवा वीजपुरवठा आडवा आलेला असतो.

कपॅसिटरचं गणित तर प्रत्येक दुरुस्तीवाल्याने भिंतीवर लावावं असं आहे. अंगावर ‘१०५ अंश, २००० तास’ लिहिलेलं असतं. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा या द्रवभरल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम. ९५ अंशांना ४,०००, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,०००, ६५ ला ३२,०००, ५५ ला ६४,००० तास. रोज सहा तासांच्या वापराला ६४,००० तास म्हणजे २९ वर्षं. पण एसएमपीएसच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीवर धुळीची गादी बसली आणि आतलं तापमान ५५ वरून ७५ वर गेलं, की २९ ची सात वर्षं होतात. बावीस वर्षं खाल्ली ती बोटभर धुळीने.

आता कोकणच्या हवेचा आक्षेप. ‘इथल्या दमट हवेत काही टिकत नाही’ हे वाक्य इतर सगळ्या वाक्यांपेक्षा सत्याच्या जवळ आहे, म्हणूनच ते नीट तपासायला हवं. २०१६ मध्ये रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्कच्या बिघाडात तापमानापेक्षा हवेतल्या सापेक्ष आर्द्रतेचा हात मोठा निघाला. आणि बिघाड व्हायचा तो मुख्यतः नियंत्रक बोर्डात आणि जोडण्यांत. म्हणजे ओल आधी खाते ती वरची पाटी आणि पिना. कोकणातल्या दुरुस्तीवाल्यांचा अनुभव हेच सांगतो.

पण याच शास्त्राची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. जुलैत बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरा. तीच हवा चालू कॉम्प्युटरच्या पेटीत शिरून ३७ अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते. चालू यंत्र स्वतःला वाळवत असतं. बंद यंत्र ओल पीत बसतं. कोकणात शाळांचे संगणक कक्ष मे महिन्याच्या सुट्टीत कुलूपबंद होतात आणि जूनच्या मध्याला उघडतात. मधल्या काळात पाऊस आलेला असतो, खिडकीच्या फटीतून झड आत गेलेली असते, वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून ओल कोंडून ठेवलेली असते. पहिल्या दिवशी पाच-सहा यंत्रं सुरू होत नाहीत आणि दोष ‘मुलांच्या वापराला’ दिला जातो. तो दोष चुकीच्या माणसांना दिला जातो, हे ठासून सांगितलं पाहिजे. रोजच्या वापराने यंत्र जगलं असतं. प्लॅस्टिकच्या जागी जुना सुती पंचा, आणि सुट्टीत दर आठवड्याला तास-दोन तास चालू ठेवण्याची एखाद्यावर जबाबदारी, एवढ्याने फरक पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ऐन पावसाच्या तोंडावर यंत्रं तशीच थंड, ओली पडून राहिली. त्यातलं जे सुरू झालं नाही, ते वयाने गेलं असं म्हणणं म्हणजे पंचनामाच चुकीचा करणं.

अशी एक पेटी ऑगस्टात उघडली की आत काय दिसतं? बाजूचं पान सरकवताच कुबट वास येतो. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना राखाडी लव, आणि पंखा काढला की खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर जाड, ओलसर थर. नखाने उचलला तर चादरीसारखा अख्खा निघतो. एसएमपीएसच्या कोपऱ्यात पालीची अंडी, कधी वाळलेली पालच. स्क्रू गंजलेले. मेमरीची पट्टी खाचेतून काढली की तिच्या सोनेरी दातांवर अंधुक, ढगाळ डाग. हे यंत्र सुरू करताना पंखा फिरत होता, पडदा काळा राहत होता, आणि ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगण्यात आलं होतं. मऊ पांढऱ्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने पुसायचे, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवायचा, खाच ब्रशने झाडायची, पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची. पुष्कळदा पडद्यावर अक्षरं येतात. सोनं गंजत नाही. त्याच्यावर बसलेला मळ आणि ओल आडवी येते.

रोह्याजवळच्या धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, त्यामुळे हवेतल्या वायूंचीही धास्ती इथे घेतली जाते. ती निराधार नाही. चांदीचे पैंजण ज्या कारणाने काळे पडतात, त्याच कारणाने बोर्डावरचं तांबं आणि चांदी काळी पडते: गंधकयुक्त वायू. २००६ मध्ये युरोपने शिशावर बंधन घातल्यावर बऱ्याच बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा आला आणि हा त्रास वाढला. पण हे मोजता येतं. तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर खोलीत टांगून ठेवायची आणि तिच्यावर चढलेला थर प्रयोगशाळेत मोजायचा. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर २०० पेक्षा कमी थर असेल तर हवा सौम्य, असं जगभर पाळलं जाणारं मानक आहे. पट्टी न टांगता ‘एमआयडीसीची हवा आहे, टिकणार नाही’ असं सांगणं हे निदान म्हणून चालणार नाही.

विजेचं काय? इथे मात्र आक्षेप घेणाऱ्यांनीच पुरेसा आवाज उठवलेला नाही. वादळी वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तार तुटली, तर २३० व्होल्टच्या घरात चारशेच्या जवळपास दाब येऊ शकतो. एसएमपीएस, टीव्ही, फ्रिज एका क्षणात जातात. जांभ्याच्या जमिनीत केलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं आणि नावापुरतं उरतं. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या विजा इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतून थेट नेटवर्कच्या पोर्टात उतरतात. अशा घटनेत दोन वर्षांचं यंत्र जातं आणि बारा वर्षांचंही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं, ढग गडगडू लागले की नेटवर्कची वायर उपसून ठेवणं, दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारं साधन बसवणं, या गोष्टी नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे किरकोळ आहेत.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार एका बटणसेलचा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. मग सकाळी यंत्र सुरू केलं की तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दिसते. बँकेची साइट उघडत नाही, सरकारी पोर्टल ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणतं, कारण त्या साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं. दुकानासमोर दाखल्यांसाठी रांग आणि चालकाला वाटतं, व्हायरस आला, विंडोज गेलं, मशीन म्हातारं झालं. फॉरमॅट मारला जातो, डेटा जातो, दोष तसाच राहतो. घड्याळाच्या दुकानात मिळणारा, चहा-वडापावच्या पैशांतला सेल बदलला असता तर काम पाच मिनिटांचं होतं.

दुरुस्ती परवडत नाही, एकदा बिघडलेलं पुन्हा बिघडतं, असाही एक आक्षेप आहे आणि त्याला पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती यंत्रांच्या नोंदी तपासल्या. प्रोसेसर आणि त्याच्या भोवतालच्या दोषाने तीस दिवसांच्या वापरात यंत्र बंद पडण्याची शक्यता १९० त एक होती. एकदा तसं झालेल्या यंत्राला ते पुन्हा होण्याची शक्यता तिनात एक. पण याचा अर्थ मूळ दोष शोधलाच गेला नव्हता, यंत्र नुसतं पुन्हा सुरू केलं गेलं होतं. दोषी भाग बदलण्याच्या बाजूचाच हा पुरावा आहे.

यंत्रं खरोखर निवृत्त होतात ती दुसऱ्याच कारणाने. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर; ती पिढी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेलं, आजही फॉर्म भरणारं, प्रिंट काढणारं यंत्र एका तारखेने जुनं ठरलं. त्याचा एकही भाग त्या दिवशी बिघडला नव्हता. याला ‘पार्ट टिकत नाहीत’ म्हणणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात आणि जुनी यंत्रं चालवतात. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर अंगभूत मिळतो. सरकारी पोर्टलं आणि बोटांच्या ठशांची यंत्रं फक्त विंडोजवरच चालतात, ही अडचण जिथे आहे तिथे ती दूर करण्याची जबाबदारी पोर्टल बांधणाऱ्यांची आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केलं. सुटे भाग आणि माहितीपत्रकं मिळणं हा त्यातला कळीचा भाग. वरसे गावातल्या माणसाला सात वर्षं जुन्या लॅपटॉपची बॅटरी अस्सल मिळते का, यावर त्या समितीचं यश मोजलं जावं.

राहता राहिली ग्रामपंचायतींची आणि शाळांची जडवस्तू संग्रह नोंदवही. त्यात खरेदीचा दिनांक असतो, किंमत असते, आणि शेवटी निर्लेखनाचा शेरा: ‘जुने, नादुरुस्त’. त्या दोन शब्दांवर अख्ख्या पेट्या भंगाराच्या टेम्पोत जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जायला हव्यात, ही गोष्ट वेगळी. त्याआधीची मागणी साधी आहे: त्या वहीत एक रकाना वाढवावा, ‘कोणता भाग नादुरुस्त’. तो भरायचा तर कुणाला तरी झाकण उघडावं लागेल, दुसऱ्या यंत्रातली मेमरी लावून पाहावी लागेल, सेल बदलावा लागेल. दहा बंद यंत्रांच्या कक्षात हा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर दोघांचा एसएमपीएस, दोघांची डिस्क, तिघांचे मेमरीचे दात, एकाचा सेल असं काहीतरी लिहिलं जाईल, आणि सुट्या भागांची अदलाबदल करून जूनमध्ये शाळा उघडताच मुलं त्यांतल्या सहा-सात यंत्रांसमोर बसलेली असतील.